लष्करी परिचारिका : सेवेची वाट आणि तिचे मोल

परिचर्येचे व्रत घेऊन घराबाहेर पडलेल्या मुलींविषयी आपल्या धर्मग्रामांत आदराने बोलले जाते. त्या व्रताची एक वाट लष्करी छावणीतून जाते. तिचा इतिहास मात्र आपण क्वचितच आठवतो.

मार्च १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून मुंबई बंदरात उतरल्या. लष्करी रुग्णालयांतील शुश्रूषेची घडी बसविण्यासाठी त्यांना बोलावून घेण्यात आले होते. १९२६ साली भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ च्या वटहुकुमाने या परिचारिकांना लष्करी अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. १९७६ साली गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यावर पोहोचलेली पहिली स्त्री परिचारिका होती, हे आपण विसरू नये.

सामान्य घरातील मुलीला या वाटेने मोठा आधार दिला. बारावीला विज्ञान विषय घेऊन निवड झाली, की पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, चार वर्षांचे पदवी शिक्षण मिळते. निवास व भोजन सरकारी खर्चाने होते. त्याबदली सेवेचा करार लिहून द्यावा लागतो, आणि शिक्षण संपताच लेफ्टनंटचा हुद्दा लाभतो.

परंतु या वाटेला एक काटा होता. १९७७ च्या एका लष्करी आदेशानुसार विवाह हे परिचारिकेला सेवेतून दूर करण्याचे कारण ठरू शकत होते. १९८८ साली एका लेफ्टनंट परिचारिकेने लष्करातीलच अधिकाऱ्याशी विवाह केला आणि तिची नोकरी गेली. पतीची नोकरी मात्र विवाहामुळे गेली नाही. तो आदेश १९९५ साली मागे घेण्यात आला. त्या परिचारिकेला न्याय मिळण्यास २०२४ साल उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून तिला साठ लाख रुपयांची भरपाई देवविली.

सेवा हे पाचारण आहे, तसेच विवाह हाही आपल्या श्रद्धेत पवित्र संस्कार आहे. एकीला दोहोंपैकी एकच निवडावयास लावणे अन्यायाचे होते. मुलीला या वाटेवर पाठविताना आपण विद्यावेतन आणि हुद्दा यांची चौकशी करतो. यापुढे करारपत्रातील अटीही तिच्याजवळ बसून वाचूया.