गोधडीतला इतिहास

आमच्या घराण्याच्या इतिहासाचं एकच साधन शिल्लक आहे. आजीनं शिवलेली गोधडी. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, बखर तर नाहीच नाही. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता त्यांची बखर कोण लिहिणार? म्हणून मी गोधडीच वाचायला बसलो आहे.

आजी मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. मग गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नवऱ्यामागं, लेकरांसकट घाटकोपरला आली. माता रमाईंचं नाव असलेल्या वस्तीत, हमरस्त्याच्या कडेला, तिनं पत्र्याचं घर उभं केलं. दिवसा बिगारी काम, रात्री शिवण.

गोधडी काही एकटीनं होत नाही. कुणाचं विटलेलं लुगडं, कुणाच्या सासऱ्याचं धोतर, कुणाचा फाटका परकर. सगळं धुऊन, वाळवून, थरावर थर अंथरायचं आणि कडेनं टाके घालत आत सरकायचं. नायलॉनच्या साडीला ती हात लावायची नाही. म्हणायची, "तिला टाका धरत न्हाई. ऊब बी न्हाई." गोधडीभोवती चार बायका बसायच्या. टाके पडता पडता भिशीचा हिशेब व्हायचा, नळाच्या रांगेचं भांडण मिटायचं, कुणाच्या नवऱ्यानं हात उचलला त्याचा निकाल लागायचा. तेच त्यांचं महिला मंडळ. पाटी नाही, शिक्का नाही.

वस्तीतल्या प्रत्येक बाळंतिणीला आजीचं एक दुपटं मिळायचं. पैसे घ्यायची नाही. अट एकच. पोरगी झाली तर तिचं नाव शाळेत घालायचं. सहा वर्षांनी दारात जाऊन विचारायची, "घातलं का नाव? का देऊ दुपटं माघारी?" मी एकदा म्हटलं, आजी, लोकांना आधी पोटाला लागतं, दुपटं कशाला? ती म्हणाली, "लेकरा, पोट भरल्यावर बी थंडी वाजतेच की."

चौदा एप्रिल जवळ आला की ती गाणी जुळवायची. अक्षर ओळख नव्हती. चाल जात्यावरची आणि शब्द तिचे. भीमाचे, रमाईचे, नळाच्या पाण्याचे.

११ जुलै १९९७. सकाळी वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं गेली. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. चौकशी आयोग बसला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली. पुढं तो जामिनावर बाहेर आला. हे सगळं कागदावर आहे.

कागदावर नाही ते सांगतो. त्या आठवड्यात ज्या घरातलं माणूस दवाखान्यात होतं, त्या घरी चूल पेटत नव्हती. आजीनं वाटणी लावून दिली. या गल्लीनं सकाळच्या भाकरी करायच्या, त्या गल्लीनं संध्याकाळच्या. स्वतः दारोदार पाटी घेऊन फिरली. त्या पावसाळ्यात मात्र तिनं गोधडी अंथरली नाही. गाणंही जुळवलं नाही.

आजी गेली तेव्हा मी पदवीधर होतो. इतिहास विषय घेऊन! सनावळ्या पाठ केल्या, राजांच्या लढाया पाठ केल्या. आजीचं एक गाणं उतरवून घेतलं नाही. आज चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. तिला लिहिता येत नव्हतं हा गुन्हा व्यवस्थेचा. मला येत असून मी लिहिलं नाही, हा गुन्हा माझा.

हे काम दोन बायांनी आधीच करून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्या शोधत गेल्या, समोर बसल्या, विचारलं. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेला वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. आमच्या पाठ्यपुस्तकात ही परिषद मला कधी भेटली नाही.

उर्मिलाताईंची आई रत्नागिरीची. नवरा मास्तर होता, तो गेला. पोरांना शिकव, एवढं तिच्यावर सोपवून गेला. ती बाई बांबूची सुपं, टोपल्या विणत राहिली आणि पोरं शिकवली. कोकणात बांबूच्या या वस्तूंना आयदान म्हणतात. लेकीनं २००३ साली आत्मकथन लिहिलं, त्याला हेच नाव दिलं. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं ती सांगते. वाचताना मला पुन्हा पुन्हा आमची गोधडी दिसत होती. तिच्या लेकीनं वीण ओळखली. मी नुसतीच पांघरली.

मित्रांनो, प्रस्थापितांनी आपला इतिहास लिहिला नाही ही ओरड आपण खूप केली. खरी आहे. पण तुमच्या घरात कोपऱ्यात बसलेली म्हातारी अजून आहे ना? मग आज रात्री वही घ्या. तिच्या गावाचं नाव विचारा. पहिली मजुरी किती मिळाली ते विचारा. गाणं म्हणायला लावा आणि ती म्हणेल तसंच उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका.

आमच्या गोधडीचा एक कोपरा उसवला आहे. आई म्हणते, टाकून दे. मी सुई आणली आहे. टाका काही जमत नाही. आईला म्हटलं, तू शिकव. आणि शिकवता शिकवता सांग, आजीनं तुला काय काय सांगितलं होतं.