देवस्थान-इनामांचा दिवा व संविधानाचें कलम २७

नीरा व भीमा यांच्यामध्यें पसरलेला इंदापूर परगणा शहाजी राजांच्या जहागिरींतला. कसब्यांत चांदशहावलीचा दर्गा, संगमावर नीरा-नरसिंहपुरास लक्ष्मीनृसिंहाचें देऊळ. अशा स्थळांच्या दिवाबत्तीस सरकारनें पैसा द्यावा कीं नाहीं, हा वाद कलम २७ वरून निघतो, आणि ‘पूर्वीं राजे देतच होते’ एवढ्या उत्तरावर थांबतो. आमच्या मतें हें उत्तर अपुरें आहे.

इनामपत्रांत ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ हे शब्द असतात. त्यांचा अर्थ खजिन्यांतून रोकड दिली असा नव्हे. सरकारनें जमिनीवरील आपला महसूल सोडला. (रोख वर्षासनें निराळीं.) रयत पूर्वींप्रमाणेंच भरी, घेणारा बदले. म्हणजे पिराच्या इनामांतील हिंदु कूळ पिराच्या दिव्यास व देवाच्या इनामांतील मुसलमान कूळ नंदादीपास तेल पुरवी. त्याची संमति विचारण्याची चाल नव्हती. जुन्या औदार्याचे गोडवे गाणारे नेमकें हेंच वगळतात.

राजास बंधनच नव्हतें असें मात्र नाहीं. सनदेच्या शेवटीं आण असे, हिंदूस गाईची, मुसलमानास सुअराची. ताम्रपटांत भूमिहर्त्यास साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होण्याचा शाप. पण हें बंधन दिलेलें परत घेण्यास आड येई, देण्यास नव्हे. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामांची चौकशी झाली तेव्हां शापाची जागा नियमानें घेतली, व कायम स्वरूपाच्या देवळा-मशिदींच्या जमिनी चालू राहिल्या. १९५२ च्या मुंबई कायद्यानें व्यक्तिगत इनामें गेलीं, तरी देवस्थान-इनामें वगळलीं गेलीं.

कलम २७ चें बंधन उलट दिशेचें आहे. ज्याचें उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या पोषणास खास लाविलेलें आहे, असा कर भरण्याची सक्ति कोणावर करतां येत नाहीं. १९५४ सालीं रतिलाल गांधी यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यान्वयें घेतलेली वर्गणी देखरेखीची फी आहे, कर नव्हे.

बारामतीस मोरोपंतांचा (१७२९–१७९४) योगक्षेम बाबूजी नाईक जोशी यांच्या घरीं चालला. नाईक सावकारही होते व सरदारही. अशा घरीं खासगी पैसा व सरकारी पैसा यांमध्यें रेघ ओढणें कठीण.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति: अशीं पत्रें छापतांना देणगी रोख कीं जमीन हें प्रथम नोंदावें, आणि शेवटची आण कापूं नये.