लिडल, एरिक हेन्री

(१६ जानेवारी १९०२ – २१ फेब्रुवारी १९४५). स्कॉटिश मिशनरी, शिक्षक व ऑलिंपिक धावपटू. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने त्याने उत्तर चीनमध्ये सुमारे वीस वर्षे कार्य केले व जपान्यांच्या स्थानबद्धता छावणीत त्याचा अंत झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. मिशन-कार्याच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान ठरविताना छावणीतील अखेरची दोन वर्षे अधिक महत्त्वाची मानावी लागतात. त्याच्या श्रद्धेची खरी कसोटी तेथे लागली आणि ती लागली मुख्यत्वे मुलांच्या सहवासात.

त्याचा जन्म तिएनत्सिन (आजचे तिआनजिन) येथे झाला. वडील जेम्स डनलॉप लिडल हे त्याच सोसायटीचे मिशनरी. मिशनरी कुटुंबांतील तत्कालीन प्रथेप्रमाणे एरिक व त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट यांना १९०८ मध्ये लंडनमधील ब्लॅकहीथ येथे, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या निवासी शाळेत (पुढील एल्टम कॉलेज) ठेवण्यात आले. आईवडील पुन्हा चीनला गेले. एरिक तेव्हा सहा वर्षांचा होता. आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलाचे मन त्याला पुढे कोणी समजावून सांगावे लागले नाही.

एडिंबरो विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेत असताना तो स्कॉटलंडच्या संघातून रग्बीचे सात आंतरराष्ट्रीय सामने खेळला. पॅरिस येथे १०० मीटर धावण्याच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. रविवार हा शब्बाथ म्हणून पाळला पाहिजे, या निष्ठेमुळे त्याने त्या शर्यतीतून अंग काढून घेतले आणि ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. २०० मीटरमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होते व ४०० मीटरचा सराव त्याने त्यानुसार केला होता. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटात ही बातमी त्याला फ्रान्सला निघताना बोटीवर चढतेवेळी कळते असे दाखविले आहे, ते केवळ नाट्यासाठी.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १९२५ मध्ये, तो तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात शिक्षक म्हणून रुजू झाला. लॅव्हिंग्टन हार्ट यांनी १९०२ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेत मुख्यतः सुखवस्तू चिनी घराण्यांतील मुले शिकत. उद्याच्या चीनचे नेतृत्व करणाऱ्या वर्गावर ख्रिस्ती संस्कार व्हावेत, असा संस्थापकांचा हेतू होता. काळ मात्र प्रतिकूल होता. त्याच वर्षी ३० मे रोजी शांघायमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला होता व परकीयांविरुद्ध, त्यांत मिशनऱ्यांच्या शाळांविरुद्धही, विद्यार्थ्यांत क्षोभ उसळला होता. लिडल रसायनशास्त्र शिकवी, खेळ घेई आणि रविवारच्या शाळेची व्यवस्था पाही. वक्ता म्हणून तो साधाच होता. त्याच्या शिकवणुकीचा भर येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर असे. १९३२ मध्ये त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि १९३४ मध्ये कॅनडियन मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेंझी हिच्याशी त्याचा विवाह झाला.

१९३७ मध्ये जपानने उत्तर चीनवर आक्रमण केले. त्याच वर्षाच्या अखेरीस लिडल शहरातील अध्यापन सोडून हपे प्रांतातील श्याओचांग या ग्रामीण केंद्रात गेला. रॉबर्ट तेथील रुग्णालयात डॉक्टर होता. जपानी सैन्य, राष्ट्रवादी तुकड्या व साम्यवादी गनिमी सैनिक यांच्या कात्रीत सापडलेल्या खेड्यांतून तो सायकलने वा पायी फिरे. एकदा त्याने दोन जखमींना गाडीवर घालून रुग्णालयात पोहोचविले. त्यांपैकी एकाच्या मानेवर जपानी अधिकाऱ्याच्या तलवारीचा घाव होता, तरीही तो वाचला. १९४१ च्या आरंभी हे केंद्र सोडावे लागले. त्याच वर्षी त्याने गरोदर पत्नीला व दोन मुलींना कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी सप्टेंबरमध्ये जन्मली. तिला तो कधीच पाहू शकला नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शांतुंग प्रांतातील वेईश्येन (आजचे वेइफांग) येथे स्थानबद्ध केले. ही छावणी अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या जुन्या आवारात होती. तेथे सुमारे दीड हजार माणसे दाटीवाटीने राहत. व्यापारी, प्राध्यापक, धर्मगुरू, वादक, व्यसनी अशा सर्व थरांतले लोक त्यांत होते. सप्टेंबर १९४३ मध्ये चीफू (आजचे यानताय) येथील चायना इनलँड मिशनच्या निवासी शाळेतील मुले व शिक्षक तेथे आणले गेले. त्यांतील अनेक मुलांचे आईवडील जपान्यांच्या ताब्याबाहेरील चीनमध्ये होते व कित्येकांची आपल्या मुलांशी काही वर्षे भेट झालेली नव्हती. या मुलांच्या इमारतींची देखरेख लिडलकडे आली. तो त्यांचा ‘अंकल एरिक’ झाला.

छावणीतल्या नैतिक जीवनाचे चित्र फारसे उदात्त नव्हते. तेथील एक बंदी लँग्डन गिल्की (पुढे विख्यात झालेला अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ) याने ‘शांतुंग कंपाउंड’ (१९६६) या ग्रंथात ते निष्ठुरपणे रेखाटले आहे. जागेच्या काही इंचांसाठी सज्जन माणसे भांडत. १९४५ च्या जानेवारीत अमेरिकन रेडक्रॉसची दीड हजारांवर पार्सले आली, तेव्हा ती इतर राष्ट्रीयांना वाटण्यास काही अमेरिकनांनी हरकत घेतली आणि हरकत घेणाऱ्यांत मिशनरीही होते. किशोरवयीन मुलांना संध्याकाळी काही उद्योग नसे व त्यांच्या वर्तनाने वडीलधारी मंडळी हादरली होती. उपदेश पुष्कळ झाला; संध्याकाळी मुलांबरोबर बसण्यास मात्र थोडेच लोक पुढे आले. लिडल त्यांत अग्रभागी होता. मुलांबरोबर बुद्धिबळाच्या पटावर किंवा जहाजाच्या प्रतिकृतीवर वाकलेला लिडल गिल्कीने टिपला आहे. ग्रंथात त्याला एरिक रिडली असे टोपणनाव दिले असून, ज्याच्या बाबतीत संत हा शब्द वापरता येईल असा माणूस म्हणून त्याचा निर्देश केला आहे. इतरांविषयी इतके कठोर लिहिणाऱ्या लेखकाचा हा अभिप्राय असल्याने त्यास विशेष वजन आहे.

प्रयोगशाळा नव्हती म्हणून उपकरणांच्या आकृत्या हाताने काढून लिडल रसायनशास्त्र शिकवी. चीफूच्या मुलांनी छावणीत ऑक्सफर्डच्या शालान्त परीक्षाही दिल्या. मोडलेल्या हॉकीच्या काठ्या तो चादरीच्या पट्ट्या गुंडाळून दुरुस्त करी. रविवारी मात्र तो खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकीचा सामना भरविला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान हाणामारीत झाले. पुढल्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. ज्या तत्त्वासाठी त्याने ऑलिंपिकमधील शर्यत सोडली, त्याला त्याने मुलांसाठी मुरड घातली. काही चरित्रकार या प्रसंगावरून घाईने पुढे जातात. वस्तुतः पॅरिसचा नकार आणि वेईश्येनचा होकार यांचे मूळ एकच आहे : शब्बाथ त्याने स्वतःवर बंधन म्हणून घेतला होता, दुसऱ्यांवर लादण्यासाठी नव्हे.

डोंगरावरील प्रवचनातील शत्रुप्रेमाच्या आज्ञेवर मुलांच्या बायबल-वर्गात चर्चा झाली, तेव्हा पहारेकऱ्यांवर प्रेम करणे शक्य नाही असे मुलांचे मत पडले. आज्ञेच्या पुढल्या भागात शत्रूंसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे, तेथून आरंभ करावा, असे लिडलने सुचविले. ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्याचा द्वेष करणे अवघड होते, असा त्याचा युक्तिवाद होता. ही हकीकत त्या वर्गातील स्टीव्हन मेटकाफ या मुलाने पुढे सांगितली. मेटकाफला लिडलने आपले झिजलेले, दोऱ्याने शिवलेले धावण्याचे बूट दिले होते. १९५२ मध्ये तो मिशनरी म्हणून जपानला गेला.

१९४४ च्या अखेरीपासून लिडलचे डोके सतत दुखू लागले व तो खिन्न राहू लागला. हा मानसिक ताणाचा परिणाम असावा असा डॉक्टरांचा समज झाला. आपला भार ईश्वरावर सोपविता यायला हवा होता, आपण असे खचायला नको होतो, अशी खंत त्याने निकटवर्तीयांजवळ व्यक्त केली. इतरांना विसंबून राहण्यास शिकविणाऱ्या माणसाला आपली श्रद्धा अपुरी पडली असे वाटावे, ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत बिकट परीक्षा होय. मृत्यूच्या दिवशी पत्नीला लिहविलेल्या पत्रातही जबाबदारीचा भार जास्त झाल्याचा व अध्यापन सोडून बेकरीतील काम घेण्याच्या सल्ल्याचा उल्लेख आहे. मृत्यूनंतरच्या शवचिकित्सेत मेंदूत अर्बुद आढळले. तो खचला नव्हता, आजारी होता. पण हे त्याला कळले नाही.

मरणोत्तर कीर्तीबरोबर आख्यायिकाही वाढल्या. बंद्यांच्या अदलाबदलीत मिळालेली सुटका त्याने एका गरोदर स्त्रीला दिली, असे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास चीनमधून सांगण्यात आले. कुटुंबीयांनाही ही गोष्ट नवी होती. ती प्रमाण मानणे कठीण आहे.

छावणीतील मुलांनी त्याच्या अंत्ययात्रेत भाग घेतला. कबरीवर साधा लाकडी क्रूस होता व त्यावर बुटाच्या पॉलिशने नाव लिहिले होते. १७ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांनी छावणी मुक्त केली. पुढे कबरीची खूण नाहीशी झाली. १९९१ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने स्कॉटलंडमधील मल बेटावरील ग्रॅनाइटची स्मृतिशिला छावणीच्या जागी उभारली.