गर्भाशयमुखाचा कर्करोग: पेशींचे ‘ब्रेक’ निकामी कसे होतात?

‘आमच्या घरात कुणालाच कॅन्सर नव्हता, मग मला कसा होईल?’ असे अनेकींना वाटते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत हा दिलासा फसवा आहे. हा आजार सहसा आनुवंशिक नसतो. जवळपास सर्वच रुग्णांमध्ये त्याचे मूळ एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गात असते.

ट्यूमर सप्रेसर जनुके म्हणजे काय?

पेशींच्या अनिर्बंध वाढीला लगाम घालणारी ही जनुके आहेत. त्यांतली दोन इथे महत्त्वाची आहेत. ‘आरबी’चे प्रथिन पेशीला गरज नसताना विभाजन करू देत नाही. ‘पी-५३’चे प्रथिन डीएनएवर पहारा देते. डीएनए बिघडला तर ते विभाजन थांबवते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला मरायला लावते.

विषाणू नेमके काय करतो?

एचपीव्हीच्या धोकादायक प्रकारांकडे ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने असतात. ई-६ पेशीतल्याच यंत्रणेला हाताशी धरून पी-५३ नष्ट करवते. ई-७ हे आरबीला निकामी करते. बहुतेक रुग्णांत ही दोन्ही जनुके शाबूतच असतात, फक्त त्यांनी बनवलेली प्रथिने टिकत नाहीत. प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींमधील ई-६ व ई-७ बंद केल्यावर हे ब्रेक पुन्हा लागले आणि पेशींची वाढ थांबली.

पी-१६ चाचणी कशासाठी?

पी-१६ हेही ट्यूमर सप्रेसर प्रथिन आहे. आरबी निकामी झाले की पेशीत त्याचे प्रमाण खूप वाढते, पण पुढचा ब्रेकच तुटलेला असल्याने त्याचा उपयोग होत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ असेल, तर पेशींतील बदलांमागे एचपीव्ही असण्याची शक्यता दिसते.

संसर्ग म्हणजे कर्करोग का?

नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. विषाणू टिकून राहिला तरच धोका वाढतो, आणि कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. हाच काळ आपल्या हातात असतो.

काय करता येईल?

सुमारे ७० टक्के रुग्णांत एचपीव्हीचे १६ व १८ हे प्रकार आढळतात. उपलब्ध लशी या दोन्हींपासून संरक्षण देतात. ९ ते १४ हे लसीकरणाचे उत्तम वय. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी हवीच. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधील सुमारे दीड लाख महिलांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून केलेल्या साध्या तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले.

संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तर तपासणीची वेळ येण्याची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.