खडूचें रिंगण

मूल लहानाचें मोठें होतें तेव्हां त्याची उंची आपण भिंतीवर रेघ ओढून मोजतों. परंतु तेवढ्या काळांत त्याच्या मनांतलें कांहीं उणें झालें कीं काय, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. ज्या थोड्या माणसांनीं हा हिशेब मनावर घेतला, त्यांत रवींद्रनाथ ठाकुरांचें नांव अग्रभागीं येतें. श्रोतेहो, त्यांची ही कथा कलकत्त्याच्या एका खिडकीपाशीं सुरू होते आणि पोलंडमधील वॉर्सा शहरीं जाऊन पोंचते.

रवींद्रनाथांचा जन्म १८६१ चा. जोडासांकोच्या त्या भल्या मोठ्या वाड्यांत मुलें नोकरांच्या स्वाधीन असत. श्याम नांवाचा नोकर बाळ रवीला एका जागीं बसवी, भोंवतीं खडूनें रिंगण काढी, आणि तें ओलांडल्यास घोर संकट ओढवेल असें तर्जनी उगारून बजावी. सीतेची कथा ठाऊक असलेल्या मुलाला याहून अधिक काय सांगावयास हवें! सुदैवानें खिडकी जवळच असे. खालीं घाट बांधलेलें तळें, कांठीं अवाढव्य वड, पलीकडे नारळींची रांग. दिवसचे दिवस मुलगा तें चित्र पाहत राही. देह कोंडलेला होता, पण दृष्टि मोकळी होती. पुढें शाळा आल्या आणि एकामागून एक सुटल्या. त्यांपैकीं एकींतहि त्याचें मन रमलें नाहीं.

१९०१ च्या डिसेंबरांत त्यांनीं शांतिनिकेतन येथें स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, वर्ग झाडांखालीं, गायन व नाट्य हीं शिक्षणाचींच अंगें. १९०८ सालीं या मुलांसाठीं त्यांनीं 'शारदोत्सव' नाटक लिहिलें. शाळेच्या खर्चासाठीं पत्नी मृणालिनीदेवींनीं आपले दागिने दिले होते. १९०२ मध्यें त्या निवर्तल्या. १९०३ मध्यें कन्या रेणुका गेली आणि १९०७ मध्यें धाकटा शमींद्रनाथ. एवढे आघात सोसलेल्या, पन्नाशीला पोंचलेल्या या पित्यानें १९११ सालीं 'डाकघर' लिहिलें.

त्या नाटकांतला अमल आजारी आहे. वैद्यबुवांनीं त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. त्याला दत्तक घेणाऱ्या माधवदत्तास वाटतें, मुलानें पोथ्या वाचून पंडित व्हावें. अमलला जग पाहावयाचें आहे. खिडकीशीं बसून तो दहीवाल्याशीं, पहारेकऱ्याशीं, माळ्याच्या मुलीशीं बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. दहीवाल्याला आपला रोजचाच धंदा अमलच्या बोलण्यामुळें नव्यानें आनंदाचा वाटूं लागतो. मोठ्या माणसाचें हरवलेलें स्वातंत्र्य त्याला परत मिळतें, तें एका कोंडलेल्या मुलाकडून! शेवटीं राजवैद्य येतात आणि सर्व दारेंखिडक्या उघडावयास सांगतात.

हेंच नाटक १८ जुलै १९४२ रोजीं, नाझींनीं भिंत घालून कोंडलेल्या वॉर्साच्या ज्यू वस्तींत, एका अनाथाश्रमाच्या मुलांनीं करून दाखविलें. आश्रमाचे चालक यानुश कोर्चाक हे डॉक्टर व बालवाङ्मयाचे लेखक. १९१२ पासून चाललेल्या या आश्रमांत मुलांचें स्वतःचें न्यायासन होतें. तेथें मोठ्यांवरहि फिर्याद करतां येई. ऑगस्टच्या आरंभीं सुमारें २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यांत आलें. स्वतःची सुटका करून घेण्याची संधि नाकारून कोर्चाक त्यांच्यासह गेले आणि तेथेंच त्या सर्वांचा अंत झाला.

कल्पनेनें त्या मुलांचे प्राण वांचले नाहींत, हें कठोर सत्य झांकण्यांत अर्थ नाहीं. तथापि ज्यांचें सर्वस्व हिरावलें गेलें होतें, त्यांच्यासाठीं त्या प्रयोगापुरती तरी एक खिडकी उघडली, आणि ती उघडण्याची आठवण एका मोठ्या माणसानें ठेवली होती.

आपल्या घरांतलीं रिंगणें खडूचीं नसतात. तीं परीक्षेच्या गुणांचीं, लोकलज्जेचीं, आपल्याच काळजीचीं असतात. आणि माधवदत्ताप्रमाणें आपणहि तीं बहुधा मायेपोटींच काढतों. सगळींच पुसून टाकतां येणार नाहींत. परंतु रिंगण काढावयाचेंच तर तें खिडकीपाशीं काढावें, आणि बाहेर काय दिसलें हें मुलाला अधूनमधून विचारावें, एवढें तरी प्रत्येक आईबापांच्या हातीं आहे.