वादळानंतरची शाळा : क्युबात शिकून गावी परतलेले डॉक्टर



आपल्या गटाच्या बैठकीत एक तक्रार कायम निघते. उपकेंद्राची इमारत आहे, पाटी आहे, पण डॉक्टर नाही. आला तरी टिकत नाही. ही तक्रार जगातल्या कितीतरी खेड्यांची आहे. आज मी तुम्हाला तिच्यावर शोधलेल्या एका उत्तराचा इतिहास सांगणार आहे. आपल्यापासून फार लांब, अमेरिका खंडात, स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या क्युबा नावाच्या बेटावर हे घडलं.

१९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली. तेव्हा त्या देशात सुमारे ६,००० डॉक्टर होते आणि त्यातले बरेचसे राजधानी हवानात. पुढच्या काही वर्षांत त्यातले जवळजवळ निम्मे देश सोडून गेले. राहिलेल्यांत गावं कशी सांभाळायची? १९६० मध्ये सरकारनं ग्रामीण वैद्यकीय सेवा सुरू केली आणि नव्या डॉक्टरांना डोंगरात, खेड्यांत पाठवलं. त्याचबरोबर नवे डॉक्टर घडवायला घेतले. १९८४ पासून वस्तीवस्तीत एक डॉक्टर आणि एक नर्स अशी पद्धत आली. पुष्कळ ठिकाणी खाली दवाखाना आणि वर डॉक्टरचं घर. डॉक्टर वस्तीतच राहणार, घरोघरी फिरणार. कोण गरोदर आहे, कोणाचं बाळ अशक्त आहे, हे त्याला माहीत असणार.

मग १९९८ साल उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी 'मिच' नावाचं चक्रीवादळ मध्य अमेरिकेवर आलं. होंडुरास आणि निकाराग्वा या देशांत डोंगर खचले, गावंच्या गावं गाडली गेली. ११,०००च्या आसपास माणसं गेली. क्युबानं तिकडं डॉक्टर पाठवले. त्यांना दिसलं की अनेक गावांत वादळापूर्वीही डॉक्टर कधी पोचलाच नव्हता. वादळानं फक्त झाकलेलं उघडं केलं. आपण आज आहोत, उद्या परत जाणार, मग या लोकांचं काय? तेव्हा ठरलं, याच गावांतली मुलंमुली क्युबात आणायची, त्यांना डॉक्टर करायचं आणि परत पाठवायचं.

हवानाच्या पश्चिमेला समुद्रकाठी नौदलाची एक जुनी अकादमी होती. तिथं ही शाळा भरली. लॅटिन अमेरिकन वैद्यकशाळा हे तिचं नाव. १९९९ च्या सुरुवातीला पहिले विद्यार्थी आले आणि नोव्हेंबरात रीतसर उद्घाटन झालं. जिथं नौदलाचे अधिकारी घडत, तिथं शेतकऱ्यांची, मजुरांची, आदिवासींची पोरं शरीरशास्त्र शिकू लागली.

तिथल्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. शिक्षण सहा वर्षांचं. फी नाही. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत आणि वर महिन्याला थोडा हातखर्च. ज्या वस्तीत डॉक्टर नाही, ज्या घरात शिकवायला पैसा नाही, तिथल्या मुलांना प्राधान्य. ज्यांचा पाया कच्चा त्यांच्यासाठी आधी तयारीचा वर्ग आणि ज्यांना स्पॅनिश येत नाही त्यांना आधी भाषा. पहिली दोन वर्षं या शाळेत आणि पुढची वर्षं क्युबाच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या रुग्णालयांत, वस्तीतल्या दवाखान्यांत. म्हणजे रोगाबरोबर रोग्याचं घर, पाणी, चूलही बघायला शिकायचं. याच्या बदल्यात एकच मागणं होतं. शिकून झाल्यावर गरजू लोकांत जाऊन काम करा. त्यासाठी कागदी बंधपत्र नव्हतं, शब्द होता.

२००५ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे दीड हजार डॉक्टर. या शाळेत शिकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली असत. पुढे आफ्रिकेतून, प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांवरून, एवढंच काय, खुद्द अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतूनही विद्यार्थी आले. आजवर शंभरहून अधिक देशांचे ३०,०००हून जास्त डॉक्टर तिथून तयार झाले आहेत.

शब्द पाळला का कोणी? एक उदाहरण सांगते. होंडुरासच्या समुद्रकिनाऱ्यावर गारिफुना समाज राहतो. आफ्रिकी माणसं आणि कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी यांचे हे वंशज. १७९७ मध्ये इंग्रजांनी त्यांना सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून या बाजूला आणून टाकलं. दोनशे वर्षं उलटली तरी सरकारच्या हिशेबात ही गावं शेवटीच. या समाजातला लुथर कास्तियो क्युबात गेला आणि २००५ च्या तुकडीत डॉक्टर झाला. तो आणि त्याचे सोबती परत आले. सिरिबोया या गावात लोकांनी आपल्या हातांनी रुग्णालय उभारलं. २००७ च्या डिसेंबरात ते सुरू झालं. तिथं तपासणीचे पैसे पडत नाहीत. डॉक्टर आणि बाई एकाच भाषेत बोलतात. पुढे हाच कास्तियो देशाच्या मंत्रिमंडळातही गेला.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही ऐका. परतलेल्या सगळ्यांच्या वाट्याला असं यश आलं नाही. काही देशांत तिथल्या डॉक्टरांच्या संघटनांनी या पदव्यांना विरोध केला. कुठं पुन्हा परीक्षा, कुठं वर्षानुवर्षं कागद अडकलेले. कुठं डॉक्टर तयार आणि गावही तयार, पण सरकारनं तिथं पगाराची जागाच काढली नाही. असे काही जण शहरात किंवा खाजगी दवाखान्यात गेले, तर दोष त्यांचा एकट्याचा कसा म्हणायचा? क्युबाबद्दलही प्रश्न आहेत. तिथं एकाच पक्षाचं राज्य आहे, मोकळेपणानं बोलायची सोय कमी आहे, आणि परदेशी पाठवलेल्या डॉक्टरांच्या कमाईतला मोठा वाटा सरकार ठेवून घेतं, अशी टीका होते. हे सगळं लक्षात ठेवूनच त्या शाळेकडं बघायला हवं.

मग आपण यातून काय घ्यायचं? माणूस वस्तीतून निवडायचा, हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, कधी शाळेत न गेलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कितीतरी दलित होत्या. क्युबाच्या शाळेच्या जवळजवळ तीस वर्षं आधीची ही गोष्ट. आज त्याच जामखेडला देशोदेशीचे लोक शिकायला येतात.

दोन्हीकडं अनुभव एकच सांगतो. परत येणारं माणूस हवं असेल तर निवडतानाच गावाचा हात त्यात हवा. आणि ते परत आल्यावर त्याला बसायला जागा, औषधं आणि वेळेवर मानधन मिळतं की नाही, हे बघणंही गावाचंच काम. आपल्या आशाताईचं मानधन तीन महिने थकलं, तर ग्रामसभेत आपण कोण बोललो?

पुढच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गावातल्या बारावीत शिकणाऱ्या, नर्सिंगला किंवा डॉक्टरकीला जाऊ शकतील अशा मुलींची नावं एका कागदावर लिहा. पैशावाचून कोणाचं अडतंय, लग्नाच्या घाईत कोणाचं शिक्षण सुटतंय, ते समोर मांडा. गटाचं कर्ज म्हशीसाठी मिळतं, शिवणयंत्रासाठी मिळतं. मुलीच्या शिक्षणासाठी का मिळू नये, हा विषय त्या दिवशी वहीत लिहून घ्या.