नांव कोणाचें, मोल कोणाला ?

महाविद्यालयाच्या संघांतून खेळणाऱ्या विद्यार्थ्यानें आपलें नांव व आपला चेहरा एखाद्या व्यापाऱ्याच्या जाहिरातीस देऊन त्याबद्दल द्रव्य घ्यावें किंवा नाहीं, हा प्रश्न अमेरिकेंत शंभराहून अधिक वर्षें धुमसत राहिला आणि १ जुलै २०२१ या दिवशीं त्याचा निकाल विद्यार्थ्याच्या बाजूनें लागला. प्रश्न परक्या देशाचा खरा. परंतु विद्येच्या मंदिरांत पैशानें कोठवर शिरावें, आणि तो शिरलाच तर त्यांतील वांटा कोणाला मिळावा, ही त्याच्या मुळाशीं असलेली गोष्ट प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें विचार करण्याजोगी आहे. या वादाचा इतिहास थोडक्यांत सांगून शेवटीं माझें मत मी आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडे दोन कॉलेजांचा सामना म्हणजे दोहींकडचे विद्यार्थी, कांहीं उत्साही प्राध्यापक आणि मैदानाच्या कडेला घटकाभर थांबलेले वाटसरू, एवढाच बहुधा समाज. अमेरिकेंत तसें नाहीं. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसूं शकतात. तेथील फुटबॉल हाहि आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातांत धरून प्रतिपक्षाच्या भिंतीवर आदळत पुढें जाण्याचा तो दांडगा खेळ आहे. हा खेळ आणि बास्केटबॉल या दोहोंनीं तेथील विद्यापीठांना जितकी कीर्ति दिली तितकाच पैसाहि दिला.

या वादांतील मौज अशी कीं, तेथील आंतर-महाविद्यालयीन खेळाचा जन्मच जाहिरातीच्या पोटीं झाला. १८५२ च्या ऑगस्ट महिन्यांत न्यू हॅम्पशायरमधील विनिपसाकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल या दोन विद्यालयांच्या विद्यार्थ्यांची नौकांची शर्यत झाली. त्या बाजूच्या आगगाडीस उतारू मिळावे म्हणून रेल्वेच्या एका अधिकाऱ्यानें ही युक्ति योजिली होती. तरुण नावाड्यांचा जाण्यायेण्याचा व राहण्याखाण्याचा सर्व खर्च रेल्वेनें सोसला, शिवाय बक्षिसें ठेविलीं. शर्यत हार्वर्डनें जिंकली. दोन अमेरिकन महाविद्यालयांमधला पहिला सामना म्हणून ही शर्यत मानली जाते.

पुढील पन्नास वर्षांत हें वळण अधिकच पक्कें झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं येलच्या फुटबॉल संघाचा नायक जेम्स होगन यास फुकट शिक्षण व भोजन, क्यूबा बेटाची सफर, सामन्याचीं माहितीपत्रकें विकण्याचा मक्ता आणि अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटांची अडत, एवढें सारें मिळालें होतें. पुष्कळ ठिकाणीं विद्यार्थी नसलेलेच गडी भाड्यानें आणून विद्यार्थी म्हणून उभे केले जात. त्यांतच १९०५ च्या हंगामांत फुटबॉलच्या मैदानावर कित्येक तरुण प्राणांस मुकले आणि लोक खवळले. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्रमुख विद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारा असें बजाविलें. त्या चळवळींतून १९०६ मध्यें महाविद्यालयांची एक संघटना उभी राहिली. तिनेंच १९१० मध्यें नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन हें नांव घेतलें. खेळण्याबद्दल विद्यार्थ्यास मोबदला देऊं नये, हें तत्त्व तिनें आरंभींच स्वीकारलें.

हें तत्त्व आलें कोठून ? तें इंग्लंडांतून आलें. तिकडे खेळाडूंच्या दोन जाती मानीत : एक हौशी, दुसरा धंदेवाईक. हौशी म्हणजे केवळ आवडीनें खेळणारा, हा अर्थ सुंदर आहे. पण व्यवहारांत त्याचा उपयोग कसा झाला तेंहि पाहावें. हेन्ली येथील प्रसिद्ध नौकास्पर्धेच्या चालकांनीं १८७९ मध्यें हौशी कोणास म्हणावें याची व्याख्या केली, तींत कारागीर आणि मजूर यांना हौशी मानूं नये असें ठरविलें. म्हणजे ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत नाहीं त्याचीच हौस शुद्ध. आमच्याकडे कोल्हापूरच्या तालमींतील मल्लांना दरबाराचा आश्रय असे. त्यामुळें कुस्ती बाटली असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

या शुद्धतेचा सर्वांत क्रूर अनुभव जिम थॉर्प या आदिवासी अमेरिकन तरुणास आला. पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाइल येथें मूळच्या अमेरिकन जमातींच्या मुलांसाठीं सरकारनें शाळा चालविली होती, तेथला हा विद्यार्थी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें त्यानें पेंटॅथ्लॉन व डेकॅथ्लॉन या दोन्हीं स्पर्धांत सुवर्णपदकें मिळविलीं. पुढच्याच वर्षीं असें उघडकीस आलें कीं, १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलायनांत किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. तसें त्या काळीं पुष्कळ विद्यार्थी खेळत. परंतु शहाणे खोटें नांव घेऊन खेळत, थॉर्प आपल्या खऱ्या नांवानें खेळला. त्याचीं पदकें काढून घेण्यांत आलीं. हरकत तीस दिवसांच्या आंत घेतली पाहिजे असा नियम होता, तोहि कोणी पाहिला नाहीं. थॉर्प १९५३ मध्यें वारला. त्याच्या वारसांस पदकांच्या प्रतिकृति १९८३ मध्यें मिळाल्या, आणि दोन्हीं स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव २०२२ मध्यें नोंदलें गेलें. न्याय झाला, परंतु तो पाहावयास ज्याचा तो मनुष्यच उरला नव्हता.

इकडे नियम करणाऱ्या महाविद्यालयांची स्थिति काय होती ? १९२९ मध्यें शिक्षणविषयक कार्नेजी प्रतिष्ठानानें शंभराहून अधिक महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. बहुतेक ठिकाणीं कोणत्या ना कोणत्या वाटेनें खेळाडूंना पैसा पोंचतो, असें त्यांत दिसून आलें. १९४८ मध्यें संघटनेनें कडक नियमावलि केली. सात विद्यालयें दोषी ठरलीं. पण १९५० मध्यें त्यांना काढून टाकण्याचा ठराव दोन-तृतीयांश मतांच्या अभावीं फसला आणि पुढच्या वर्षीं ती नियमावलिच गेली. अखेरीस १९५६ पासून खेळांतील प्राविण्यासाठीं शिक्षण, निवास, भोजन व पुस्तकें यांच्या खर्चाची शिष्यवृत्ति देणें उघडपणें मान्य झालें.

याच सुमारास विद्यार्थी-खेळाडू हा जोडशब्द प्रचारांत आला. ऐकावयास तो निरुपद्रवी वाटतो. परंतु १९५१ पासून १९८८ पर्यंत संघटनेचे मुख्य अधिकारी असलेले वॉल्टर बायर्स यांनीं १९९५ च्या आपल्या आत्मवृत्तांत स्वच्छ लिहिलें आहे कीं, खेळाडूस न्यायालयांनीं नोकर ठरवूं नये म्हणून हा शब्द घडविण्यांत आला. त्या भीतीस कारण होतें. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५३ मध्यें डेन्व्हर विद्यापीठाच्या एका जखमी खेळाडूस नोकर मानून भरपाई दिली होती. पुढें १९५५ मध्यें त्याच राज्यांतील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यांत डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें कामगार-भरपाईच्या कायद्याखालीं दाद मागितली. १९५७ मध्यें न्यायालयानें ती नाकारली. कॉलेज कांहीं फुटबॉलचा धंदा करीत नाहीं, असें कारण दिलें. एका शब्दाच्या निवडीनें एका घराचें काय होतें, याचें हें उदाहरण भाषेच्या शिक्षकांनीं तरी विसरूं नये.

मग धंदा खरोखरच वाढला. १९८४ मध्यें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें दूरचित्रवाणीवरील सामन्यांच्या विक्रीची संघटनेची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठें आपापले करार करूं लागलीं. २०१० मध्यें पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा चौदा वर्षांचा करार १,०८० कोटी डॉलरांना झाला. त्याच्या कितीतरी आधीं, १९७० नंतरच्या दशकाच्या शेवटीं, नायकी कंपनीनें महाविद्यालयीन शिक्षकांशीं करार करण्यास आरंभ केला होता. खेळाडूंच्या पायांत कंपनीचे जोडे गेले आणि पैसा शिक्षकाच्या खिशांत गेला. म्हणजे विद्यार्थ्याच्या अंगावर जाहिरात नको असें कोणीच म्हणत नव्हतें. जाहिरातीचा पैसा तेवढा त्याच्या हातीं नको, इतकेंच म्हणणें होतें.

जेरेमी ब्लूम याची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. हा तरुण बर्फावर घसरण्याच्या खेळांतील जगज्जेता आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघांतील गडी. बर्फावरील सरावाचा खर्च मोठा, आणि तो खेळ करणारे सारेच जाहिरातींवर निर्वाह करीत. ऑलिंपिकला त्याची हरकत नव्हती. महाविद्यालयांच्या संघटनेनें मात्र २००४ मध्यें याच कारणास्तव त्याला फुटबॉल खेळण्यास अपात्र ठरविलें. दुसऱ्या खेळांत पगार घेऊन खेळण्यास तिच्या नियमांत मोकळीक होती, पण जाहिरातीस चेहरा देण्यास नव्हती !

अखेर या किल्ल्याला भगदाड पाडलें तें एका मुलांच्या खेळण्यानें. १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजलिस विद्यापीठाला बास्केटबॉलचें अजिंक्यपद मिळवून देणारा एड ओबॅनन पुढें एकदां मित्राच्या घरीं गेला असतां तेथला मुलगा संगणकावरील बास्केटबॉल खेळत होता. पडद्यावर ओबॅनन स्वतःच धांवत होता ! तोच बांधा, पाठीवर तोच ३१ आंकडा, तोच डावखुरा हात; नांव तेवढें नव्हतें, आणि पैसाहि नव्हता. २००९ मध्यें त्यानें दावा लावला. २०१४ मध्यें न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनीं संघटनेचे हे निर्बंध स्पर्धाविषयक कायद्याच्या विरुद्ध आहेत असा निर्णय दिला. वरच्या कोर्टानें तो कांहीं अंशीं राखला, कांहीं अंशीं कमी केला.

पुढचीं पावलें झपाट्यानें पडलीं. ३० सप्टेंबर २०१९ रोजीं कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनीं, विद्यार्थ्यास स्वतःच्या नांवाचा मोबदला घेण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली. इतर राज्यांनीं तिचें अनुकरण केलें. २१ जून २०२१ रोजीं सुप्रीम कोर्टानें शिक्षणाशीं संबंधित साहाय्यावरील संघटनेच्या मर्यादा नऊ विरुद्ध शून्य मतांनीं अवैध ठरविल्या. त्या निकालपत्राच्या आरंभींच विनिपसाकी सरोवरावरील शर्यतीचा उल्लेख आहे. दहा दिवसांनीं संघटनेनें जाहिरातीवरील बंदी उठविली. मग ६ जून २०२५ रोजीं न्या. विल्कन यांनींच एका तडजोडीस मान्यता दिली : जुन्या खेळाडूंस सुमारें २८० कोटी डॉलर, आणि पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंना सुमारें दोन कोटी पांच लाख डॉलरपर्यंत वांटण्याची मुभा. या भरपाईंत स्त्रियांवर अन्याय होतो असें म्हणून कांहीं स्त्री-खेळाडूंनीं लगेच अपील दाखल केलें.

आतां माझें मत. खेळल्याबद्दल वेतन मागणें हा एक प्रश्न आणि आपलें नांव दुसऱ्यानें वापरल्यास त्याचें मोल मागणें हा दुसरा. या दोहोंची गल्लत करूं नये. पहिल्याविषयीं मतभेद समजण्यासारखा आहे. दुसऱ्याविषयीं मला शंका वाटत नाहीं. मुलाचें नांव बारशाच्या दिवशीं त्याला घरच्यांनीं दिलेलें असतें. कॉलेजाच्या पटावर तें फार उशीरा चढतें. आकाशवाणीवर गाणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला बिदागी मिळाली म्हणून तिला कोणी कॉलेजांतून काढीत नाहीं. मग पळणाऱ्याला किंवा चेंडू टाकणाऱ्यालाच निराळा न्याय कां ? शिवाय फार थोडेच खेळाडू पुढें धंदेवाईक होतात. बाकीच्यांच्या नांवाला जें मोल येतें तें याच चार वर्षांत. स्त्रियांच्या बाबतींत तर ही वाट विशेष उपकारक ठरली. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क हिनें २०२४ मध्यें महिला बास्केटबॉलमधील गुणांचा विक्रम मोडला, तेव्हां ती विद्यार्थिनी असतांनाच मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतून झळकत होती.

तथापि दुसरी बाजू सांगितली नाहीं तर मीं शिक्षकपणाला बट्टा लावल्यासारखें होईल. बंदी उठतांच विद्यापीठांच्या धनाढ्य पाठीराख्यांनीं मंडळें काढलीं आणि जाहिरातीच्या नांवाखालीं खेळाडू विकत घेण्याचा बाजार सुरू केला. अधिक पैशासाठीं दर वर्षीं विद्यापीठ बदलणारे खेळाडू दिसूं लागले. अशा भ्रमंतींत अभ्यास कोठें राहतो हें सांगावयास नको. मोठें उत्पन्न मूठभरांनाच आहे. आपल्याकडून टेनिससारख्या खेळांच्या शिष्यवृत्तीवर तिकडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी : विद्यार्थी म्हणून मिळालेल्या परवान्यावर तेथें कमाई करण्यास कडक मर्यादा आहेत, आणि सहाध्याय्यास सहज मिळणारा करार परदेशी विद्यार्थ्याचा परवाना धोक्यांत आणूं शकतो.

हे दोष खरे. पण ते बंदीनें जात नाहींत, हें शंभर वर्षांच्या इतिहासानें दाखविलें आहे. बंदी होती तेव्हांहि पैसा वाहतच होता. फक्त तो मागच्या दारानें वाहत होता, आणि ज्याच्या घामानें तो मिळे त्यालाच कोरडें ठेवीत होता. उपाय असा कीं, करार उघड्यावर व्हावे, अठरा वर्षांच्या मुलास सही करण्यापूर्वीं निःस्वार्थी सल्ला मिळावा, हिशेब व करभरणा त्याला कॉलेजांतच शिकवावा, आणि खेळ संपल्यावरहि त्याचा अभ्यासक्रम पुरा करून देण्याची व दुखापतीची काळजी वाहण्याची जबाबदारी विद्यापीठानें घ्यावी. डेनिसनच्या विधवेनें जाहिरातीचा पैसा मागितला नव्हता; तिनें एवढीच जबाबदारी मागितली होती. पैशाचा वांटा आतां विद्यार्थ्याला मिळूं लागला आहे. या जबाबदारीचा वांटा विद्यापीठें कितपत उचलतात, यावरून त्यांची परीक्षा करावी.